मितपान आणि आग्रह

मराठींतील ‘घेणें’ या साध्या क्रियापदास गेल्या कांहीं दशकांत एक असा अर्थ चिकटला आहे, कीं त्याचें कर्म उच्चारण्याची गरजच उरलेली नाहीं. ‘आपण घेतां काय?’ असा प्रश्न विवाहाच्या आदल्या सायंकाळीं, कचेरीच्या वार्षिक संमेलनांत अथवा मित्राच्या घरच्या गच्चीवर कोणीं केला, तर काय घेण्याविषयीं विचारलें जात आहे, हें पुसण्याची आवश्यकता कोणास वाटत नाहीं. उलटपक्षीं, घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईचा नवरा रात्रीं झोकांड्या खात परतला, तर ‘तो दारू पितो’ असें उघडें, सकर्मक वाक्य आपण बिनदिक्कत बोलतों. तो पितो आणि आपण घेतों. ज्या द्रवाविषयीं हें बोलणें चाललेलें असतें, त्यांतील मादक अंश रसायनशास्त्राच्या दृष्टीनें एकच आहे. भेद आहे तो क्रियापदांत. ज्या वर्गास आपल्या कृतीसाठीं निराळें क्रियापद शोधावें लागतें, त्या वर्गाच्या मनांत त्या कृतीविषयीं कांहीं तरी अनिर्णीत राहिलेलें आहे, असें समजण्यास हरकत नाहीं. त्या अनिर्णीत भागाचा शांतपणें विचार करावा, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

व्यसनी मनुष्याविषयीं येथें लिहावयाचें नाहीं. तो रोगी आहे, त्यास औषधोपचार व आधार मिळाला पाहिजे, याविषयीं सुशिक्षित समाजांत आतां फारसा मतभेद नाहीं. आमच्यापुढें प्रश्न आहे तो मितपानाचा; म्हणजे जो गृहस्थ आठवड्यांतून एकदां घरीं किंवा महिन्यांतून एकदां कचेरीच्या समारंभांत एक-दोन पेले घेतो, वेळेवर झोंपतो, सकाळीं कामावर जातो, व ज्याच्या संसाराचें कोणतेंहि छप्पर गळत नाहीं, अशा गृहस्थाचा. त्याच्या कृतींत नीतीचा प्रश्न उद्भवतो काय? उद्भवत असल्यास तो कोठें?

आमच्या जुन्या वाङ्मयांत या मितपानी गृहस्थास जवळजवळ स्थानच नाहीं. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ सालीं, रंगभूमीवर आलें, आणि तेव्हांपासून मद्य म्हटलें कीं सुधाकर व सिंधू हीं दोन नांवें मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या नाटकाचा एक विचित्र परिणाम असा झाला, कीं मितपानी प्रेक्षक नाट्यगृहांतून अश्रु पुसत व निर्धास्त होऊन बाहेर पडूं लागला. आपण सुधाकर नाहीं, इतकें त्यास पुरेसें वाटलें. वस्तुतः नाटकाचें नांवच त्या निर्धास्तपणास उद्देशून आहे. सुधाकराच्या हातीं पहिला पेला येतो तो तहानेपोटीं नव्हे. न्यायालयांत अपमान होऊन सनद स्थगित झालेली आहे, मन होरपळलेलें आहे, आणि अशा वेळीं तळीराम जवळ आहे. धंद्यांतील मानहानि आणि सोबत्याचें प्रोत्साहन या दोन गोष्टींच्या संगमावर तो पेला भरला गेला. पुढें आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांत प्रेक्षक पोट धरून हंसतात. पण मद्यपानास सभा, सभासद व सौहार्द यांचें रूप कसें येतें, याचें तें अचूक चित्र आहे, हें हंशाच्या भरांत ध्यानांत राहत नाहीं.

याहून पुष्कळ प्राचीन अशी एक कथा महाभारताच्या आदिपर्वांत आहे. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ नाटकानें १९१३ सालीं ती मराठी रंगभूमीवर आणली. असुरांनीं कचास मारून, जाळून, त्याची राख मद्यांत मिसळली व तें मद्य शुक्राचार्यांस पाजलें. मृतसंजीवनी विद्या जाणणाऱ्या त्या आचार्यास आपण काय गिळत आहों हें कळलें नाहीं. आणि कळल्यावर त्यानें ब्राह्मणांस मद्य निषिद्ध ठरविलें. कथेंतील एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. तो पेला पुढें करणारे शत्रु नव्हते. ज्यांच्या आश्रयानें आचार्य राहत होते ते यजमानच होते. निषेधाचा नियम जन्मास आला तो मद्याच्या चवींतून नव्हे, तर ज्यांस नाहीं म्हणणें कठीण अशा लोकांच्या हातून आलेल्या पेल्यांतून.

शास्त्राचें मत एकसुरी होतें असेंहि नाहीं. सुरापानास महापातकांच्या पंक्तीस बसविणाऱ्या मनुस्मृतींतच, मांस, मद्य इत्यादींकडे प्राण्यांची प्रवृत्ति स्वाभाविक असून त्यांत दोष नाहीं, मात्र निवृत्तीचें फळ मोठें आहे, अशा आशयाचा श्लोक पांचव्या अध्यायांत येतो. टीकाकारांस त्याचा अर्थ संकुचित करण्यासाठीं बराच खटाटोप करावा लागला. शिवाय ज्यास आपण ‘आमची परंपरा’ म्हणतों, ती सर्व महाराष्ट्राची परंपरा नव्हे. ठाणें-पालघरपासून नंदुरबारपर्यंतच्या आदिवासी समाजांत मोहाची दारू किंवा ताडी देवास वाहिली जाते व लग्नकार्यांत वांटली जाते. गोव्यांतील काजूची फेणी तेथील घराघरांतील वस्तु असून २००९ सालीं तिची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंदणीहि झाली. तेव्हां मद्याचा स्पर्श म्हणजे अधःपात, असा सिद्धान्त मांडणारा मनुष्य आपल्या गल्लीसच जग समजत असतो. आमच्या चर्चेस असा सिद्धान्त उपयोगी नाहीं.

कायद्याचा आश्रय घेऊन हा प्रश्न सुटतो काय, तेंहि पाहूं. मुंबई इलाख्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें मद्याचें उत्पादन सरकारी ताब्यांत आलें आणि दारू हें महसुलाचें साधन बनलें. दुकानें वाढूं लागलीं, तेव्हां पुणें नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनीं १८८० सालीं त्याविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ सालीं पुण्यांत स्वयंसेवक दारूच्या दुकानांसमोर उभे राहिले व लोकमान्य टिळकांनीं त्यांस पाठिंबा दिला. १ ऑगस्ट १९३९ रोजीं खेर मंत्रिमंडळानें मुंबई शहरांत दारूबंदी जारी केली, डॉ. गिल्डर हे त्या खात्याचे मंत्री होते. पुढें १९४९ चा मुंबई मद्यनिषेध कायदा आला. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानें औषधी उपयोगाव्यतिरिक्त मादक पेयांचा निषेध करण्याचा प्रयत्न हें राज्याचें कर्तव्य सांगितलें. आणि १९५१ सालीं बलसारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या कायद्याचा बराचसा भाग वैध ठरविला.

हेतु उदात्त होता, यांत शंका नाहीं. परंतु सुशिक्षित वर्गावर त्याचा जो नैतिक परिणाम झाला, तो शोचनीय होता. प्रकृतीस मद्य आवश्यक आहे असा वैद्यकीय दाखला मिळविला कीं परवाना मिळे. तो मिळविण्यासाठीं धडधाकट गृहस्थ रोगी झाले, व सत्यवचनी वैद्यांनीं त्यांस रोगी म्हटलें. ज्यांस दाखला परवडत नव्हता, ते हातभट्टीकडे वळले व विषारी दारूनें मेले. पुढें बंधनें क्रमाक्रमानें शिथिल झालीं. तरी महाराष्ट्रांत मद्य पिण्यास आजहि परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा व आजन्म असे त्याचे प्रकार आहेत. सायंकाळीं उपाहारगृहांत पेला उंचावणाऱ्या किती सभ्य गृहस्थांच्या खिशांत तो असतो, हें वाचकांनींच आठवून पाहावें. जो कायदा रोज मोडला जातो व ज्याच्या भंगाची कोणास लाज वाटत नाहीं, तो कायदा मद्य थांबवीत नाहीं. कायद्याविषयींचा आदर मात्र थांबवितो. एतावता प्रश्न पुन्हां आपल्या स्वतःच्या विवेकाकडे परत येतो.

विवेक करावयाचा तर प्रथम ‘मित’ या शब्दाचें माप ठरविलें पाहिजे, आणि येथें बहुतेकांचा हिशेब चुकतो. शेंकडा ४२·८ मद्यार्क असलेल्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या मापांत सुमारें १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. शेंकडा ५ प्रमाणाच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलींत तो सुमारें २५ ग्रॅम, आणि शेंकडा ८ प्रमाणाच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या तेवढ्याच बाटलींत सुमारें ४० ग्रॅम भरतो. म्हणजे ‘मी फक्त बिअरच घेतों’ असें विनयानें सांगणारा गृहस्थ एका बाटलींत कदाचित् व्हिस्कीचे चार लहान पेले रिचवीत असतो. घरीं बाटली हातीं घेऊन अदमासानें ओतणाराचें माप तर उपाहारगृहांतील मापाहून बहुधा मोठेंच पडतें.

मितपान प्रकृतीस हितकर आहे, हा युक्तिवादहि आतां सोडून द्यावा लागेल. अमेरिकन संशोधक रेमंड पर्ल यांच्या १९२६ च्या ग्रंथापासून, थोडें घेणारे लोक मुळींच न घेणारांहून अधिक जगतात, असें दाखविणारे आंकडे वेळोवेळीं पुढें आले. पुढें असें ध्यानांत आलें, कीं ‘न घेणारे’ म्हणून मोजलेल्यांत, आजारी पडल्यामुळें सोडून दिलेले पुष्कळ लोक मिसळलेले असतात, व थोडें घेणारे बहुधा अधिक सुस्थित व शिक्षित असतात. हे भेद वजा केले कीं तो लाभ पुष्कळसा विरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८८ सालींच मद्यपेयांस मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटांत घातलें होतें. आणि २०२३ च्या जानेवारींत त्या संघटनेनें, निर्धास्त म्हणतां येईल असें मद्याचें कोणतेंहि प्रमाण नाहीं, असें स्पष्ट केलें. याचा अर्थ एका पेल्यानें मनुष्य मरतो असा नव्हे. धोका लहान प्रमाणास लहान व मोठ्या प्रमाणास मोठा, इतकाच त्याचा अर्थ आहे. मितपान हें औषध नाहीं. तें एक सुख आहे, व इतर अनेक सुखांप्रमाणें त्याची कांहीं किंमत आहे.

सुख म्हणून पाहिलें, तर मितपानी गृहस्थाची बाजू दुर्बळ नाहीं. तो म्हणेल, ‘मी तळलेले पदार्थ खातों, भरधाव मोटारींतून प्रवास करितों, रात्रीं जागतों, यांतहि धोका आहे. माझ्या देहाचा धोका मीं ओळखून पत्करला, तर तुम्हीं मध्यें पडण्याचें कारण काय?’ यास उत्तर देतांना ‘पण संस्कृति!’ असें म्हणून भागणार नाहीं. ज्या कृत्याचें फळ केवळ कर्त्यासच भोगावें लागतें, त्यांत दुसऱ्यानें उपदेश करावा, पण जुलूम करूं नये, हें तत्त्व आम्हांस मान्य आहे. म्हणून मितपान स्वतः पाप आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. प्रश्न इतकाच आहे, कीं त्याचें फळ खरोखरच एकट्या कर्त्यास भोगावें लागतें काय? याचें उत्तर पेल्याकडे पाहून मिळणार नाहीं. पेल्याभोंवतीं जीं माणसें बसलेलीं व उभीं आहेत, त्यांच्याकडे पाहावें लागेल.

प्रथम घर घेऊं. पूर्वीं मध्यमवर्गीय घरांत मद्य आलें तर तें चोरून येत असे. वडिलांपासून मुलगा लपवी, व पुढें मुलांपासून वडील लपवीत. आतां बहुतेक शहरी घरांत तें उघडपणें कपाटांत बसलें आहे, आणि केवळ उघडपणाचा विचार केला तर हा बदल आम्हांस इष्टच वाटतो. जें कृत्य आईसमोर करवत नाहीं पण मित्रांसमोर करवतें, त्यांत कर्त्याच्याच मनाची साक्ष त्याच्याविरुद्ध असते. परंतु उघडपणा आला म्हणजे न्याय आला, असें होत नाहीं. घरीं चार मित्र जमले असतां पेले कोण भरतो, आणि भजीं कोण तळतो, हें पाहावें. रात्रीं बारा वाजेपर्यंत स्वयंपाकघरांत उभी राहणारी, निजलेल्या मुलाच्या खोलीचें दार पुन्हां पुन्हां लोटून घेणारी, व दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहास उठून डबे भरणारी गृहिणी त्या मैफलींत मोजली जात नाहीं. तिनें नापसंति दर्शविली तर ती अरसिक ठरते, व न दर्शविल्यास तिची संमति गृहीत धरली जाते. ज्या सुखाचा खर्च दुसऱ्याच्या झोंपेंतून भागविला जातो, त्यास मित म्हणावयाचें तें कोणत्या मापानें?

मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुलें उपदेशापेक्षां प्रसंग लक्षांत ठेवतात. बाबा कधीं घेतात, यावरून मद्य कशासाठीं असतें हें तीं शिकतात. दिवाळीच्या फराळानंतर, गप्पांच्या ओघांत घेतलेला पेला मुलास एक शिकवण देतो; कचेरींतून चिडून आल्यावर, कोणाशीं न बोलतां घेतलेला पेला अगदीं निराळी शिकवण देतो. दुःख झालें, अपमान झाला, थकवा आला, कीं कपाट उघडावयाचें, हा धडा एकदां मनांत बसला म्हणजे प्रमाण कितीहि अल्प असो, त्याचें मूळ खोल जातें. सुधाकराचा पहिला पेला याच जातीचा होता.

या ठिकाणीं आमच्या समाजानें स्वतःच एक कसोटी निर्माण करून ठेविली आहे. ज्या आषाढी अमावास्येस घराघरांत दीपपूजन होतें, त्याच दिवसास थट्टेनें ‘गटारी’ म्हणून श्रावणापूर्वींची हौस भागविली जाते, व मग महिनाभर अनेकजण पेल्यास शिवत नाहींत. या पाळण्यास कोणी ढोंग म्हणतात. आम्ही तसें म्हणणार नाहीं. वर्षांतून एक महिना आपण थांबूं शकतों कीं नाहीं, हें पाहण्याची ही उत्तम संधि आहे. मात्र श्रावण पाळणाऱ्यानें स्वतःस एवढेंच विचारावें, कीं त्या महिन्यांत आपल्यास विसर पडला होता, कीं आपण दिवस मोजीत होतों? मितपानाची खूण पेल्यांच्या संख्येपेक्षां या उत्तरांत अधिक सांपडते.

आतां कचेरीकडे वळूं, कारण आमच्या मतें आजच्या प्रश्नाचें मर्म तेथें आहे. वार्षिक संमेलन, मोठें काम मिळाल्याचा आनंद, कोणाची बढती, कोणाचा निरोप, परगांवचा पाहुणा, अशा निमित्तांनीं होणाऱ्या समारंभांत मद्य हें आतां अनेक व्यवसायांत ठरलेलें अंग होऊन बसलें आहे. वरकरणीं येथें कोणावरहि सक्ति नसते. पेल्यांत काय घ्यावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. परंतु पेला पुढें करणारा हात वरिष्ठाचा असतो. ज्याच्या अभिप्रायावर वेतनवाढ अवलंबून आहे, त्यानें हंसून ‘आज तरी घ्या’ म्हटलें असतां, त्या हास्यास नाहीं म्हणणें हें घरच्या मित्रास नाहीं म्हणण्यासारखें नसतें. तेथें शुक्राचार्यांच्या यजमानांची आठवण होते.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. अशा बैठका रात्रीं उशिरां रंगतात, आणि दिवसा न बोललेल्या गोष्टी तेथें बोलल्या जातात. कोणाकडे कोणतें काम द्यावें, कोण आपला व कोण परका, याचे निर्णय नकळत तेथेंच होतात. लिंबूसरबत घेऊन नऊ वाजतां घरीं गेलेला मनुष्य सकाळीं कामावर येतो, तों रात्रींतून कांहीं तरी ठरून गेलेलें असतें. स्त्री कर्मचाऱ्यांची अडचण तर दुहेरी असते. घेतलें तर एक प्रकारची कुजबुज, न घेतलें तर दुसऱ्या प्रकारची. थांबल्या तर परतण्याच्या वाटेची काळजी, न थांबल्या तर संधि हुकण्याची. ज्या समारंभास वाहन चालविणारे, पेले धुणारे व दारावर उभे राहणारे हेहि उपस्थित असतात, पण पाहुणे म्हणून नव्हे, त्याच्या सौहार्दाविषयीं फार अभिमान बाळगूं नये.

येथें एका आंकड्याकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीप्रमाणें भारतांत १५ वर्षें व त्यावरील पुरुषांपैकीं सुमारें १९ टक्के व स्त्रियांपैकीं सुमारें १ टक्का मद्य घेतात; महाराष्ट्रांतील पुरुषांचें प्रमाण सुमारें १४ टक्के आहे. पाहणींत खरें सांगण्यास लाजणारे कांहीं असतील, हें गृहीत धरलें तरी, न घेणारे हेच या देशांत मोठ्या बहुसंख्येनें आहेत. असें असतां न घेणारासच आपल्या न घेण्याचें कारण द्यावें लागतें. त्यास औषध चालू असल्याचें, उपास असल्याचें, सकाळीं लवकर उठावयाचें असल्याचें सांगावें लागतें. पूर्वीं परवान्यासाठीं सुदृढ मनुष्य रोगी होत असे. आज पेला टाळण्यासाठीं तो रोगी होतो. खोटें बोलण्याची गरज पूर्वीं कायद्यानें निर्माण केली होती, ती आतां रूढीनें केली आहे.

ही रूढि कोठून आली, याचा शोध घेतां आम्हांस ती परकी वाटत नाहीं. ती आमच्या पंगतींतून आली आहे. पाहुण्यानें प्रथम नको म्हणावयाचें, यजमानानें तें मानावयाचें नाहीं, व दोघांच्या त्या गोड झुंजींत पानावर आणखी दोन जिलब्या पडावयाच्या, ही आमची जुनी रीत. त्या रीतींत ‘नको’ या शब्दाचा अर्थ ‘नको’ असा नसून ‘आणखी एकदां म्हणा’ असा असतो. टंचाईच्या काळांत, संकोची पाहुण्यास उपाशी उठूं न देण्यासाठीं, ही रीत प्रेमाची होती. परंतु आग्रहाचा हा संस्कार जिलबीवरून पेल्यावर तसाच्या तसा उतरला, आणि तेथें त्याचें स्वरूप पालटलें. जिलबी फार झाली तर पोट जड होतें. पेला फार झाला तर ज्या बुद्धीनें पुढच्या पेल्यास ‘नको’ म्हणावयाचें, तीच बुद्धि प्रथम मंद होते. म्हणून जो आग्रह पानावर शोभतो, तो पेल्यावर शोभत नाहीं. इतर सर्व पदार्थांच्या बाबतींत पाहुण्याच्या तोंडच्या ‘नको’चा अर्थ लावण्याचा अधिकार यजमानास परंपरेनें असेल, या एका पदार्थाच्या बाबतींत तो नाहीं.

यावर असा आक्षेप येईल, कीं मधुमेही एक असतो म्हणून सर्व पंगतीनें गोड वर्ज्य करावयाचें काय? दहांतील नऊजण मद्य पचवूं शकतात. दहाव्याच्या दुर्बलतेसाठीं नऊजणांनीं आपलें सुख कां सोडावें? आक्षेप योग्य आहे, व त्यास उडवून लावणें बरें नाहीं. परंतु दोन्ही उदाहरणांत एक महत्त्वाचा भेद आहे. मधुमेही मनुष्यास आपण मधुमेही आहों हें तपासणीनें ठाऊक असतें, व पंगतीसहि तें सांगतां येतें. मद्याच्या बाबतींत तो दहावा कोण, हें नऊजणांस ठाऊक नसतें; बहुधा त्या दहाव्यासहि ठाऊक नसतें. पहिल्या वर्षीं तो इतरांसारखाच हंसत असतो, कदाचित् सर्वांत गोड तोच बोलतो. आपण व्यसनी आहों हें त्यास कळतें तेव्हां परतीची वाट अवघड झालेली असते. शिवाय पूर्वीं व्यसनी असून कष्टानें सुटलेला एखादा मनुष्य त्याच टेबलाशीं बसलेला असूं शकतो, व आपली कथा चारचौघांत सांगण्याचें त्याच्यावर कोणतेंहि ऋण नसतें.

तेव्हां नऊजणांनीं सुख सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्यावर एक कर्तव्य मात्र निश्चित येतें. आपल्या सुखाची रचना त्यांनीं अशी केली पाहिजे, कीं दहाव्यास कांहीं न सांगतां, कारण न देतां, व कोणाच्या डोळ्यांत न भरतां बाजूस होतां यावें. हें कर्तव्य कायदा पार पाडूं शकत नाहीं. तें शिष्टाचारानेंच पार पडावयाचें आहे. व शिष्टाचार बदलण्याची शक्ति सुशिक्षित कुटुंबांच्या हातीं कायद्याहून अधिक असते, याचीं उदाहरणें आमच्या डोळ्यांसमोर आहेत. तंबाखूचें पानदान व सिगारेटची डबी पाहुण्यापुढें ठेवणें हा एके काळीं आदरातिथ्याचा भाग होता. आज सिगारेट ओढणारा यजमानहि पाहुण्यास सिगारेटचा आग्रह करीत नाहीं, आणि ती ओढण्यासाठीं आपण होऊन बाहेर जातो.

तशाच कांहीं साध्या रीती मद्याच्या बाबतींत पडण्यास काय हरकत आहे? विचारावयाचें तर एकदांच विचारावें, व उत्तरानंतर कारण पुसूं नये. मद्याइतकींच आस्थेनें मांडलेलीं इतर पेयें त्याच टेबलावर असावीं. तीं कोपऱ्यांत, मुलांच्या खाऊशेजारीं नसावीं. पेला भरलेला पाहण्याची हौस यजमानानें धरूं नये. ज्याचा त्यानें भरावा. कचेरीच्या समारंभांत मानपत्र, बढती, निर्णय व महत्त्वाचें बोलणें हें सर्व मद्य येण्यापूर्वीं उरकावें, म्हणजे नंतर जो जाईल तो कांहीं गमावून जाणार नाहीं. वरिष्ठानें आपल्या हातानें कनिष्ठापुढें पेला कधींच करूं नये. घरच्या मैफलींत ज्यानें मित्र बोलाविले, त्यानेंच भजीं तळावीं व भांडीं आवरावीं. यांपैकीं एकाहि रीतीस पैसा लागत नाहीं, व एकीनेंहि मितपानी गृहस्थाचें सुख कमी होत नाहीं. कमी होतो तो त्याच्या सुखासाठीं दुसऱ्यानें भरावयाचा कर.

शेवटीं पुन्हां त्या दोन क्रियापदांकडे यावें लागतें. महाराष्ट्रांतील अनेक गांवीं स्त्रियांनीं ‘उभी बाटली’ व ‘आडवी बाटली’ या चिन्हांवर मतदान करून दारूचीं दुकानें बंद पाडलीं आहेत. गडचिरोली जिल्ह्यांत लोकांच्या चळवळीनंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथील बायकांच्या लढ्याचें आपण वर्तमानपत्रांतून कौतुक करितों, आणि त्याच सायंकाळीं आपल्या घरच्या पेल्यास निराळें नांव देतों. ‘तें त्यांचें, हें आपलें’ असें म्हणतां येईल. त्या दारूनें घरें मोडतात व आपल्या पेल्यानें मोडत नाहींत, हेंहि कांहीं अंशीं खरें असेल. परंतु आपलीं घरें मोडत नाहींत याचें श्रेय आपल्या संयमाचें किती आणि आपल्या पगाराचें, विम्याचें, बंद दारांचें व तोंड मिटून बसणाऱ्या माणसांचें किती, याचा हिशेब आपण कधीं मांडलेला नाहीं. तो मांडण्याची तयारी असेल, आणि मांडल्यावरहि आपल्यासमोरच्या माणसास निर्भयपणें ‘नको’ म्हणतां येत असेल, तर मितपानी गृहस्थानें आपला पेला खुशाल घ्यावा. त्यास अडविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मात्र मग त्यानें त्यास ‘पिणें’ म्हणण्यास संकोच करूं नये.